बुधवारची कोळंबी

कोकणकिनाऱ्यावरील आणि मुंबईतील मासे खाणाऱ्या घरांमध्ये आठवड्याचे वार देवांनी आणि मासळीने आपसांत वाटून घेतलेले असतात. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. घराघराप्रमाणे यात एखाद्या वाराची भर पडते वा एखाद्याला सूट मिळते. परंतु बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे तीन वार बहुतेक ठिकाणी मासळीच्या वाट्याला येतात. त्यांपैकी रविवारचे स्थान आजही अबाधित आहे. बुधवार आणि शुक्रवार मात्र नोकरदारांच्या घरांतून हळूहळू हद्दपार होत चालले आहेत. पती-पत्नी दोघेही नोकरीला, शाखा आवरून आणि गाडीची गर्दी सोसून घरी पोहोचेपर्यंत साडेसात-आठ वाजलेले, मुलांचा अभ्यास खोळंबलेला. अशा वेळी बाजारात जाऊन मासळी निवडणे, ती साफ करणे, नारळ खवणे, वाटण घालणे हे सोपस्कार कोणी करावेत? मग बुधवारी अंड्यांची पोळी होते, नाहीतर मोबाइलवरून काहीतरी मागवले जाते. मुलांना मासळी ही हॉटेलात खाण्याची वस्तू वाटू लागते, ती याच क्रमाने.

हा बुधवार परत मिळवायचा असेल, तर कोळंबीसारखा दुसरा सोबती नाही. याचे कारण तिच्या चवीइतकेच तिच्या शरीररचनेतही आहे. मटणाच्या तुकड्याला दीर्घकाळ शिजवावे लागते, कारण त्यातील कोलॅजेन नावाचे चिवट द्रव्य मंद आचेवर विरघळून मऊ व्हावे लागते. कोळंबीच्या मांसात असे जोडद्रव्य अत्यल्प असते. शिजवून मऊ करण्यासारखे त्यात फारसे काही नसतेच. उष्णता लागली की तिच्यातील प्रथिने घट्ट होतात आणि ती शिजते. मध्यम आकाराच्या कोळंबीला यासाठी तीन ते चार मिनिटे पुरतात. त्यापुढे जितका वेळ ती आचेवर राहील, तितकी प्रथिने आकसतात, आतले पाणी बाहेर पिळून टाकतात आणि रबरासारखा चिवटपणा येतो. शिजलेली कोळंबी ओळखणेही सोपे. करडी-निळसर कोळंबी उष्णतेने केशरी होते, कारण तिच्यातील अॅस्टाझँथिन नावाचे केशरी रंगद्रव्य एरवी एका प्रथिनाला जखडलेले असते आणि ते बंधन उष्णतेने तुटले की मूळ रंग उघडा पडतो. रंगाच्या जोडीला आकार पाहावा. अर्धचंद्रासारखी वळली की शिजली, डोके-शेपूट एकत्र येऊन पूर्ण वेटोळे झाले की वेळ टळून गेली, असे खुशाल समजावे.

म्हणजे चूल तर पाच मिनिटेही अडवत नाही. मग वेळ जातो कोठे? तो जातो सोलण्यात. अर्धा किलो मध्यम कोळंबीची डोकी काढून, साले उतरवून, पाठीला चीर देऊन आतला काळा दोरा काढायला सराईत हातालाही वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि सराव नसलेल्याला पाऊण तास. दिवसभर काम करून आलेल्या व्यक्तीने बुधवारी संध्याकाळी हे करावे अशी अपेक्षा बाळगणे गैर आहे. म्हणून बुधवारच्या कोळंबीची खरी तयारी रविवारी सकाळी व्हायला हवी. आमच्या घरी रविवारच्या मासळीबरोबर आणखी दीड किलो कोळंबी आणली जाते आणि जुनी वर्तमानपत्रे पसरून घरातील यच्चयावत मंडळी तिच्याभोवती बसतात. हे काम गृहिणीच्या एकटीच्या माथी मारू नये. चार जोडी हात असले की अर्ध्या-पाऊण तासात ते उरकते, शिवाय आठवडाभर न झालेल्या गप्पाही होतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना डोके मोडण्याचे काम द्यावे. त्यांना त्यात अघोरी आनंद मिळतो.

बाजारातून घरी आल्यावर पहिले काम मात्र डोकी काढण्याचे. कोळंबीची पाचक ग्रंथी डोक्याच्या भागात असते आणि कोळंबी मेल्यानंतर तेथील पाचक रस तिच्याच मांसावर काम करू लागतात. ताज्या कोळंबीचे कवच चकचकीत व घट्ट असते, डोके धडाला पक्के धरून असते आणि वास समुद्राचा येतो. डोके लोंबू लागले असेल, त्यावर काळे डाग चढले असतील किंवा नवसागरासारखा उग्र दर्प येत असेल, तर तो वाटा कितीही स्वस्त मिळो, पुढे चालू पडावे. दोऱ्याविषयी एक खुलासा. पाठीवरचा काळा दोरा म्हणजे तिचे आतडे. त्यात वाळू असते, ते काढलेले बरे. पोटाच्या बाजूलाही एक बारीक धागा दिसतो, ती मज्जारज्जू असून ती निरुपद्रवी आहे. तिच्या मागे लागण्यात वेळ दवडू नये. साफ झालेली कोळंबी मिठाच्या गार पाण्यातून एकदा काढावी, फडक्याने टिपावी, एका जेवणाला पुरेल एवढी एकेका पिशवीत चपटी पसरून, पिशवीतील हवा काढून, वर तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवावी. चौघांना अर्धा किलो सोललेली कोळंबी पुरते. महिन्याभरात ती संपवावी, कारण घरच्या फ्रीजरमध्ये चव हळूहळू उतरते. ज्या गावी तासन्‌तास वीज जाते तेथे मात्र हा साठा करण्याच्या फंदात पडू नये. एकदा पूर्ण सुटलेली कोळंबी पुन्हा गोठवणे धोक्याचे असते.

आता थोडा हिशेब, कारण बँकेच्या मासिकाच्या वाचकाला हिशेबावाचून चैन पडणार नाही. अख्खी कोळंबी सोलून झाल्यावर तिच्या वजनाचा सुमारे निम्मा भागच हाती उरतो. समजा, अख्खी कोळंबी ४०० रुपये किलो आहे आणि शेजारीच सोललेली ७०० रुपयांना मिळते आहे. वरवर पाहता दुसरी महाग. प्रत्यक्षात पहिलीच्या मांसाचा भाव किलोला ८०० रुपये पडला आणि पाऊण तासाची मेहनत वेगळी. गोठवलेली कोळंबी पाकिटातून घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. तिच्यावर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवलेला असतो, त्यामुळे ती सुकत नाही. हा थर योग्यच आहे. परंतु पैसे आपण मांसाचे देत असतो, म्हणून पाकिटावर निव्वळ वजन किती लिहिले आहे ते वाचून मगच भावांची तुलना करावी. ‘किलोला ३०-४० नग’ अशी नोंद असेल तर ती कोळंबी मोठी, आणि हा आकडा जितका वाढेल तितकी ती बारीक.

सोललेली कोळंबी विकत घेण्यात कमीपणा मानणाऱ्या जुन्या मंडळींशी माझे पटत नाही. पण ती विकत घेताना ती कोणीतरी सोललेली असते याचा विसर पडता कामा नये. मुंबईत १८७५ साली सुरू झालेल्या ससून गोदीवर पहाटे गेल्यास ओळीने बसलेल्या स्त्रिया बर्फातील कोळंबीचे ढीग सोलताना दिसतात. त्यांच्या बोटांचा वेग डोळ्यांनी टिपता येत नाही. मोबदला बहुधा दिवसावर नसून वजनावर मिळतो. सकाळपर्यंत जेवढे टोपले भरेल तेवढे पैसे. बर्फाच्या पाण्याने आणि कवचाच्या काट्यांनी बोटे चिरतात, ती वेगळीच. आपल्या स्वयंपाकघरात जी पंचवीस मिनिटे वाचतात ती अशी कोणाच्या तरी पहाटेतून आलेली असतात. नेहमीची कोळीण साफ करून देण्याचे वीस-तीस रुपये जास्त मागते तेव्हा पुष्कळ सुस्थितीतले गिऱ्हाईक नेमके तेथेच घासाघीस करते. भाव कोळंबीचा जरूर करावा, तो बाजाराचा धर्मच आहे. सोलणावळीचा करू नये, असे मला वाटते.

हे सर्व झाले किनाऱ्यावरच्यांसाठी. बँकेच्या नोकरीत बदली अटळ असते आणि मालवण किंवा अलिबागच्या माणसाला एखाद्या दिवशी इंदूरचा वा लखनौचा आदेश हाती पडतो. एके काळी याचा अर्थ तीन वर्षे मासळीचा उपवास असा होता. ती परिस्थिती पालटण्याचे मोठे कारण आंध्र प्रदेशच्या तळ्यांत आहे. पूर्वी आपल्याकडे शेती होत असे ती प्रामुख्याने काळ्या पट्ट्यांच्या टायगर कोळंबीची. १९९४-९५च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने त्या शेतीचे कंबरडे मोडले. पुढे २००९ साली मूळच्या अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरील व्हॅनामेई या जातीच्या व्यावसायिक शेतीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच तिने देशाचे चित्र बदलले. २०२३-२४ या वर्षी भारताने सुमारे ६० हजार कोटी रुपयांची मत्स्योत्पादने निर्यात केली, त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मूल्य एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे होते. परदेशासाठी उभारलेल्या याच शीतसाखळीचा एक धागा आता नागपूर-भोपाळच्या दुकानांतील फ्रीजरपर्यंत येतो. चवीला ती समुद्रातल्या कोळंबीच्या जवळपास फिरकत नाही, असे कोकणी माणूस म्हणणारच, मीही म्हणतो. तरीही लसणाच्या फोडणीत पडल्यावर तक्रारीची धार बरीच कमी होते.

समुद्रापासून दूरच्या शहरात बर्फावर मांडलेली ‘ताजी’ कोळंबी पुष्कळदा आधी गोठवून मग सोडवलेली असते. तसे असेल तर ती त्याच दिवशी शिजवावी, पुन्हा फ्रीजरमध्ये घालू नये. साठवणीसाठी गोठलेले पाकीटच आणावे. नव्या गावी नाव माहीत असणेही उपयोगी पडते. हिंदी आणि गुजराती मुलखात ‘झिंगा’ म्हटले की भागते. कोलकात्यात ‘चिंगडी’ मागावी. तेथे गोड्या पाण्यातली मोठी ती ‘गलदा’ आणि खाऱ्या पाण्यातली ती ‘बागदा’, हा भेद न समजणाऱ्याला विक्रेता कच्चा गडी मानतो. हैदराबादेत ‘रोय्यलू’, चेन्नईत ‘इराल’, कन्नड मुलखात ‘सीगडी’. केरळात ‘चेम्मीन’, आणि हे नाव तर तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९५६ सालच्या कादंबरीने व तिच्यावरील १९६५ सालच्या चित्रपटाने देशभर पोहोचवले आहे. दिल्लीत चित्तरंजन पार्कच्या मासळी बाजारात गेल्यास बंगाली येत नसले तरी अडत नाही, बोट दाखवावे. आणि गोव्यात बदली झाली असेल तर प्रश्नच मिटला, तेथील ‘सुंगटां’ आपल्या मालवणी सुंगटांची सख्खी बहीण.

तर असा बुधवार उजाडतो. सकाळी डबा भरताना फ्रीजरमधील एक पिशवी वाडग्यात ठेवून खालच्या कप्प्यात उतरवायची, एवढेच काम. संध्याकाळपर्यंत ती आपोआप सुटते. विसरल्यास पिशवी बंद ठेवूनच गार पाण्यात वीस मिनिटे बुडवावी. गरम पाण्याचा मोह टाळावा, त्याने बाहेरची बाजू शिजू लागते आणि आत बर्फ तसाच राहतो. घरी आल्यावर प्रथम तांदूळ धुऊन कुकर लावावा, कारण या जेवणात सर्वांत जास्त वेळ भातालाच लागतो.

कालवणाला वाटण हवे, वाटणाला नारळ हवा, नारळाला वेळ हवा. म्हणून कालवण रविवारसाठी राखावे. बुधवारसाठी मुंबईच्या प्रभू ज्ञातींच्या घरांत होणारे ‘कोळंबीचे खडखडले’ मला सर्वांत श्रेष्ठ वाटते. कांदा नाही, खोबरे नाही, वाटण नाही. लसूण आणि आच यांवर सारा भरवसा.

साहित्य : सोललेली कोळंबी अर्धा किलो, लसणाच्या १२ ते १५ पाकळ्या, हळद अर्धा चमचा, लाल तिखट दीड ते दोन चमचे, चिंचेचा घट्ट कोळ दोन चमचे, चिमूटभर हिंग, चवीपुरते मीठ, तेल तीन मोठे चमचे, वरून कोथिंबीर.

कृती : कोळंबी फडक्याने नीट टिपून कोरडी करावी, ओली राहिली तर ती भाजण्याऐवजी उकडते. तिला हळद, तिखट, मीठ आणि चिंचेचा कोळ चोळून दहा मिनिटे ठेवावी. दहाची वीस करू नयेत, कारण आंबटपणानेही प्रथिने आवळतात आणि कोळंबी चुलीवर जाण्यापूर्वीच राठ होऊ लागते. तोवर लसूण सालासकट ठेचावा. पसरट, जाड बुडाच्या भांड्यात तेल चांगले तापवून त्यात लसूण टाकावा. कडा तांबूस होऊन घरभर वास सुटला की हिंग आणि लगेच कोळंबी घालावी. मोठ्या आचेवर एक मिनिट, मग आच कमी करून झाकण ठेवून दोन मिनिटे. मधून मधून चमच्याने ढवळण्यापेक्षा भांडेच दोन्ही हातांनी धरून हलवावे, म्हणजे कोळंबी तुटत नाही. झाकण काढल्यावर पाणी सुटलेले दिसेल. ते आटवण्यासाठी कोळंबी आचेवर ठेवणे हीच नेहमीची चूक. कोळंबी ताटलीत काढून घ्यावी, मोठ्या आचेवर उरलेला रस तेल सुटेपर्यंत आटवावा आणि मग कोळंबी परत त्यात घोळवून लगेच उतरवावी. तिखट बेडगीचे असेल तर रंग सुंदर येतो व जिभेला जपले जाते.

कुकरची वाफ जिरेपर्यंत सोलकढी होते. कोकमाचे आगळ घरात असावे. पेलाभर तयार नारळाच्या दुधात तेवढेच पाणी, बेताने आगळ, ठेचलेली लसणाची एक पाकळी, मिरचीचा तुकडा आणि कोथिंबीर एवढे पुरते. आगळात मीठ असतेच, म्हणून चाखल्याशिवाय वरून घालू नये. पाने मांडेपर्यंत घड्याळ पाहिल्यास पस्तीस मिनिटांपलीकडे काटा गेलेला नसतो, आणि बाहेरून मागवलेले जेवण साधारण तेवढ्याच वेळात येते.

तेच साहित्य घेऊन दुसऱ्या आठवड्यात कोळंबीभात करता येईल. कुकरमध्ये तांदळाबरोबर कोळंबी घालून शिट्ट्या करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या पानात भात छान लागतो आणि कोळंबी चघळावी लागते. त्याऐवजी कांद्याच्या फोडणीवर गोडा मसाला व तांदूळ परतून, तो उघड्या पातेल्यात दुप्पट पाण्यात शिजवावा आणि पाणी जवळजवळ आटले की खडखडल्याप्रमाणे हळद-तिखट लावलेली कोळंबी भातात खुपसून झाकण घट्ट लावावे. मंद आचेवर पाच-सहा मिनिटांच्या वाफेत ती बरोबर होते. रविवारी काढलेली साले आणि डोकी पाण्यात दहा मिनिटे उकळून, गाळून ते पाणी फ्रीजरमध्ये ठेवले असेल तर भात त्याच पाण्यात शिजवावा. फरक पहिल्या घासाला कळतो. एप्रिल-मे महिन्यांत चिंचेच्या जागी कैरीच्या बारीक फोडी घालाव्यात.

प्रकृतीविषयी दोन शब्द. शंभर ग्रॅम कोळंबीतून सुमारे वीस ग्रॅम प्रथिने मिळतात आणि स्निग्धांश फारच थोडा असतो. कोलेस्टेरॉल मात्र इतर मासळीपेक्षा जास्त, म्हणून ज्यांना पथ्य सांगितलेले आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा. अॅलर्जीच्या बाबतीत मात्र मुळीच धाडस करू नये. कवचधारी जलचरांतील जे प्रथिन अॅलर्जीला कारणीभूत होते ते शिजवल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे ‘चांगली शिजवली आहे, थोडी खाऊन पाहा’ हा पाहुण्याला केलेला आग्रह त्याला थेट इस्पितळात पोहोचवू शकतो. पाहुण्यांना वाढण्यापूर्वी विचारून घ्यावे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. या दिवसांत बाजारात हिंडून शिळ्या मालाला ताज्याचा भाव देण्यापेक्षा डब्यातले सोडे काढावेत. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातून ते आणून, एकदा कडक ऊन दाखवून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरलेले असले की पावसाळ्यातील बुधवारही सुटत नाहीत. ते सोललेलेच असतात, त्यामुळे रविवारच्या बैठकीचीही गरज नाही. मूठभर सोडे दोनदा धुऊन कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजत घालावेत, तेवढ्यात कांदा-बटाटा चिरून होतो. तेलात कांदा, ठेचलेला लसूण, बटाट्याच्या फोडी व सोडे परतून हळद, तिखट, गोडा मसाला घालावा, धुतलेले तांदूळ टाकून भिजवणीच्या पाण्यासकट शिजवावे. ही सोड्यांची खिचडी. इथे कुकर बेलाशक वापरावा, कारण वाळलेल्या सोड्यांना दोन शिट्ट्यांनी काहीच होत नाही. पानात वर तुपाची धार, बाजूला भाजलेला पापड, आणि शेजाऱ्यांच्या नाकाची काळजी असेल तर खिडक्या आधीच लावून घ्याव्यात.